संशोधनाचा प्रभाव कसा मोजतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. पंचगंगेच्या पाण्यातील जड धातूंवर माझे काम चालू आहे. एका निधी देणाऱ्या संस्थेकडे नवा प्रस्ताव पाठवताना अर्जात ‘आधीच्या संशोधनाचा शैक्षणिक वर्तुळाबाहेर पडलेला प्रभाव’ असा रकाना आढळला. शोधनिबंधाशेजारी रंगीत वर्तुळात दिसणारा अल्टमेट्रिकचा आकडा तेथे लिहावा, असे सहकाऱ्यांनी सुचवले. पण माझा आकडा अगदीच लहान आहे. निधी देणाऱ्या संस्था या आकड्यावरून निर्णय घेतात का? तो लिहावा की लिहू नये?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आकडा एकटा लिहू नये. त्याच्या मागे काय आहे ते उघडून पाहावे आणि त्यातले जे सांगण्याजोगे असेल ते पूर्ण वाक्यांत लिहावे. असे का म्हणतो, हे स्पष्ट होण्यासाठी ही मापके कोणत्या अडचणीतून निर्माण झाली आणि निधी देणाऱ्या संस्थांनी ती कशासाठी हाती घेतली, हे थोडे विस्ताराने पाहावे लागेल.

संशोधनाचे मोल ठरवताना दीर्घकाळ मुख्यतः दोनच गोष्टी मोजल्या जात होत्या : शोधनिबंध किती प्रसिद्ध झाले आणि इतर शोधनिबंधांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्समुळे ही मोजणी पद्धतशीर झाली, पुढे त्यातून नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यांतील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचा आकडा, रूढ झाला आणि २००५ साली जॉर्ज हर्श यांनी व्यक्तीच्या निबंधांची व त्यांना मिळालेल्या संदर्भांची एकत्र मोजणी करणारा एच-इंडेक्स मांडला. एका संशोधकाची दखल दुसऱ्या संशोधकाने घेतली का, एवढेच ही मापके सांगतात. त्यातही सायटेशन, म्हणजे इतर निबंधांनी दिलेले संदर्भ, जमायला वर्षे लागतात, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाचा हिशेब तीन वर्षांनी पाहू इच्छिणाऱ्या संस्थेला तोवर थांबता येत नाही. शिवाय धरणाचा विसर्ग ठरवणारा अभियंता, रुग्णालयातील परिचारिका किंवा पाणीपुरवठा विभागातील रसायनतज्ज्ञ संशोधन वाचतात आणि वापरतातही, परंतु ते स्वतः शोधनिबंध लिहीत नाहीत. त्यामुळे त्यांनी केलेला वापर सायटेशनच्या मोजणीत कधीच उमटत नाही.

ही उणीव भरून काढण्याच्या उद्देशाने जेसन प्रीम, दारिओ ताराबोरेल्ली, पॉल ग्रोथ आणि कॅमेरॉन नायलन यांनी २०१० साली अल्टमेट्रिक्सचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख बातम्यांत, ब्लॉगवर, विकिपीडियावर, शासकीय अहवालांत, पेटंटच्या कागदपत्रांत आणि समाजमाध्यमांवर कोठे कोठे झाला, तसेच मेंडेलीसारख्या संदर्भसंग्रहांत तो किती जणांनी जपून ठेवला, याची नोंद ठेवली तर संशोधनाचा विद्यापीठाबाहेरचा प्रवास थोडा तरी दिसेल, हा त्यामागचा विचार होता. त्याच सुमारास ही नोंद ठेवणाऱ्या व्यावसायिक सेवा निघाल्या. आपण म्हणता तो रंगीत वर्तुळातील आकडा त्यांपैकी अल्टमेट्रिक या कंपनीचा, आणि कंपनी स्वतःच त्याला ‘अटेन्शन स्कोअर’ म्हणते. किती जणांचे लक्ष गेले हे तो सांगतो, गुणवत्तेविषयी त्याचा काही दावा नाही.

तो आकडा कसा बनतो, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बराच काळ रूढ असलेल्या भारांकनात एका बातमीला ८, ब्लॉगवरील लेखाला ५, तर धोरणविषयक दस्तऐवजातील किंवा विकिपीडियावरील संदर्भाला ३ गुण धरले जात. म्हणजे एखाद्या वृत्तसंकेतस्थळावरील चार ओळींची बातमी ही शासकीय अहवालातील संदर्भापेक्षा भारी ठरते. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविषयीच्या एखाद्या अहवालाने आपल्या नमुन्यांचा आधार घेतला, तर त्याचे मोल कितीतरी बातम्यांहून अधिक आहे. उल्लेख कौतुकाचा आहे की टीकेचा, याचाही त्या बेरजेत फरक पडत नाही. मेंडेलीवर निबंध जपून ठेवणाऱ्या वाचकांची संख्या वर्तुळाशेजारी दाखवली जाते, पण ती मूळ आकड्यात धरली जात नाही. एवढे कळल्यावर लहान आकड्याने खिन्न होण्याचे कारण उरत नाही.

आता निधी देणाऱ्या संस्थांकडे वळू. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट ही आरोग्यविषयक संशोधनाला पैसा देणारी मोठी संस्था. तेथील विश्लेषकांनी २०१४ साली पीएलओएस बायॉलॉजी या नियतकालिकात एक लेख लिहून, निधी देणाऱ्याला या मापकांचा काय उपयोग होऊ शकतो, याची चर्चा केली. अशा संस्थेच्या पैशातून दरवर्षी हजारो शोधनिबंध निघतात आणि ते सारे वाचणे तिच्या कर्मचाऱ्यांना शक्य नसते. सायटेशन अद्याप जमलेली नाहीत, पण एखाद्या देशाच्या उपचार-मार्गदर्शक सूचनांत किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात उल्लेख आला आहे, असे शोधनिबंध या नोंदींमुळे लवकर लक्षात येतात. मग ते वाचायचे, संशोधकाला विचारायचे आणि खरोखर काय घडले याचा तपास करायचा. तपास कोठून सुरू करावा हे मापक सांगते. निष्कर्ष मात्र माणसांनीच काढायचा असतो, आणि माझ्या मते या मापकांचा खरा उपयोग एवढाच आहे व तो काही थोडका नाही.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०१३ पासून अर्जदाराच्या परिचयपत्रातील ‘प्रकाशने’ या शीर्षकाच्या जागी संशोधनाची ‘निष्पत्ती’ या अर्थाचे शीर्षक आणले आणि त्यात माहितीसंच, सॉफ्टवेअर व पेटंट यांनाही जागा दिली. बदल दिसायला लहान होता, पण ज्यांच्या कामातून शोधनिबंधाऐवजी पाण्याच्या नमुन्यांचा सार्वजनिक माहितीसंच निघतो, अशांसाठी त्याने दार उघडले. माहितीसंच किती जणांनी उतरवून घेतला, कोणी पुन्हा वापरला, हे मग विचारले जाऊ लागले.

सर्वांत मोठा अनुभव ब्रिटनचा आहे. तेथील विद्यापीठांना दरवर्षी मिळणाऱ्या सुमारे २ अब्ज पौंडांच्या संशोधन-अनुदानाचे वाटप रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क या मूल्यमापनाच्या आधारे होते. २०१४ च्या फेरीत त्यातील २० टक्के आणि २०२१ च्या फेरीत २५ टक्के भार समाजावरील प्रभावाला होता. हा प्रभाव आकड्यांनी मोजला गेला नाही. विद्यापीठांनी काही पानांची लेखी प्रकरणे (केस स्टडी) सादर केली आणि ती तज्ज्ञांनी, तसेच संशोधनाचा वापर करणाऱ्या क्षेत्रांतील व्यक्तींनी वाचली. २०१४ च्या ६,६७९ प्रकरणांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा संशोधनापासून समाजापर्यंत पोहोचण्याचे ३,७०९ वेगवेगळे मार्ग त्यांत आढळले. इतक्या वाटांना एकच मोजपट्टी लावणार कशी? जेम्स विल्सडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१५ मध्ये ‘मेट्रिक टाइड’ या अहवालात नेमके हेच म्हटले : लेखी प्रकरणांची जागा आकडे घेऊ शकत नाहीत, प्रकरणातील विधानाला आधार म्हणून ते जरूर द्यावेत.

तेव्हा आपण त्या रकान्यात काय लिहावे? वर्तुळावर टिचकी मारली की उल्लेखांची यादी उघडते. ती शेवटपर्यंत वाचावी. त्यात एखादा अहवाल, न्यायालयात सादर झालेले कागदपत्र किंवा महापालिकेचा दस्तऐवज असेल, तर त्याचे नाव, तारीख, पृष्ठ आणि आपल्या कोणत्या निष्कर्षाचा त्याने आधार घेतला, हे पहिल्या वाक्यात यावे. यादीत नसलेले उल्लेखही शोधावेत, कारण आपल्याकडील अनेक शासकीय अहवाल छापील पाने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलेले असतात आणि त्यांतील मजकूर यंत्राला वाचता येत नाही. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती; कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाने अशा समित्यांच्या अहवालांतील संदर्भ स्वतः चाळावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आकडा द्यायचाच असेल, तर तो कोणत्या दिवशी पाहिला आणि त्यात कोणत्या प्रकारचे किती उल्लेख आहेत, हे त्याच वाक्यात सांगावे.

प्रश्न : ज्या संशोधनाची खूप चर्चा होते ते चांगलेच असणार, असे सामान्य करदात्याने का मानू नये? आणि हे उल्लेख पैसे देऊन वाढवता येतात, असे ऐकले ते खरे आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, गारगोटी

उत्तर : मे २०२० मध्ये लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात, करोनाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयी एक शोधनिबंध आला. जगभर त्याची चर्चा झाली आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवलाही. ज्या माहितीवर तो निबंध उभा होता तिची खातरजमा करता येईना, म्हणून अवघ्या दोन आठवड्यांत तो मागे घेण्यात आला. चर्चा अफाट होती आणि धोरणावर परिणामही झाला, पण संशोधन टिकले नाही. म्हणून गुणवत्तेची परीक्षा वेगळी आणि प्रभावाची वेगळी ठेवावी लागते, आणि पहिली उत्तीर्ण झाल्याखेरीज दुसरीला अर्थ नाही.

उल्लेख कृत्रिमरीत्या वाढवता येतात, हेही खरे. समाजमाध्यमांवर शोधनिबंधांचे दुवे आपोआप टाकत राहणारी खाती आहेत. त्यांतील काही निरुपद्रवी असतात, पण मोजणीत माणसाचा आणि यंत्राचा उल्लेख सारखाच दिसू शकतो. त्यात ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, २०२३ साली आपल्या माहितीचा मोफत पुरवठा बंद केला, आणि अशा माहितीवर विसंबलेली मोजणी एका खासगी कंपनीच्या निर्णयाने कशी अडचणीत येते, हे सर्वांना दिसले. सार्वजनिक पैशाचा निर्णय अशा पायावर उभा राहू नये, ही आपली शंका अगदी योग्य आहे.

प्रश्न : गूळ तयार करताना हैड्रॉस या रासायनिक पावडरऐवजी भेंडीच्या रसाने मळी काढण्याच्या पद्धतीवर आम्ही काम केले. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील काही गुऱ्हाळांनी ती स्वीकारली, मराठी वृत्तपत्रांत बातम्या आल्या, आकाशवाणीवर मुलाखत झाली. शोधनिबंधाचा अल्टमेट्रिक आकडा मात्र शून्य आहे. निधी देणाऱ्या संस्थेला आम्ही काय दाखवावे?
— एक संशोधक, करवीर तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला आणि त्या शून्याचा रागही आला. त्या शून्याचा अर्थ एवढाच की, मोजणाऱ्या यंत्रणेला काही दिसले नाही. ही यंत्रणा मुख्यतः शोधनिबंधाचा दुवा किंवा त्याचा डीओआय हा कायमस्वरूपी क्रमांक शोधत असते आणि ठरावीक स्रोतांवर नजर ठेवते. त्या स्रोतांत इंग्रजीचा भरणा मोठा आहे. ‘कोल्हापूरच्या संशोधकांचा प्रयोग यशस्वी’ अशी बातमी पहिल्या पानावर आली, तरी तिच्यात ना नियतकालिकाचे नाव असते, ना दुवा. आकाशवाणीवरील मुलाखत तर हवेतच विरते. गुऱ्हाळावर काहिलीसमोर उभा असलेला गुळव्या आपल्या पद्धतीविषयी शेजारच्या गुऱ्हाळमालकाला सांगतो, तेव्हा संशोधनाचा सर्वांत खरा प्रसार होत असतो आणि त्याची खूण कोणत्याही संकेतस्थळावर उमटत नाही.

ही अडचण केवळ आपली नाही. नेचर नियतकालिकात एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्यात संशोधन-मूल्यमापनाची दहा तत्त्वे आहेत. त्यांतील तिसरे तत्त्व असे की, स्थानिकदृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनातील उत्कृष्टतेचे रक्षण केले पाहिजे. गुळाचा रंग, पंचगंगेचे पाणी, पूरक्षेत्रातील उसाचे वाण हे विषय जगाच्या मोठ्या नियतकालिकांना छोटे वाटतील, पण ते कोल्हापूर जिल्ह्यातील असंख्य घरांच्या पोटापाण्याचे आहेत. माझे स्पष्ट मत आहे की, आपल्याकडील निधी देणाऱ्या संस्थांनी प्रभावाच्या रकान्यात मराठीसह सर्व भारतीय भाषांतील पुरावा मूळ भाषेत स्वीकारावा आणि तो वाचू शकणारा परीक्षक नेमावा. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ साली वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. संशोधकाने समाजापर्यंत जावे अशी अपेक्षा ठेवायची आणि समाजाच्या भाषेतला पुरावा मात्र मोजायचा नाही, हे एकत्र नांदू शकत नाही.

ते होईपर्यंत पुरावा आपणच जमवायचा आहे, आणि येथे घाई करून चालत नाही. येत्या हंगामापूर्वी, म्हणजे गुऱ्हाळे पेटण्याआधी, गुऱ्हाळमालकांकडून गेल्या हंगामात किती पावडर वापरली याची नोंद घ्यावी. खरेदीच्या पावत्या असतील तर उत्तमच. हंगाम संपल्यावर तीच नोंद पुन्हा घ्यावी. दोन्हींतील फरक हा आपल्या प्रभावाचा गाभा आहे. मालकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले किंवा सांगून लिहवून घेतलेले दिनांकित पत्र त्यासोबत जोडावे, आणि ते निधी देणाऱ्या संस्थेला दाखवण्याची परवानगी त्याच पत्रात घ्यावी. प्रशिक्षणाला किती जण आले, याची हजेरी अनेक जण प्रभाव म्हणून लिहितात. ती प्रयत्नांची नोंद झाली. एक हंगाम उलटल्यावर त्यांतील किती जण ती पद्धत अजून वापरत आहेत, हा आकडा परीक्षकाला अधिक सांगून जातो, मग तो कितीही लहान असो.

शाहू मार्केट यार्डातील सौद्यांत आपल्या पद्धतीच्या गुळाला बरा दर मिळाला असे दिसले, तरी सारी वाढ आपल्या नावावर लिहू नये. गुळाचा दर आवक, सणवार, गुजरातच्या बाजारातील मागणी आणि साखरेचे भाव अशा अनेक कारणांनी हलतो. एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या, पावडर घातलेल्या आणि न घातलेल्या गुळाच्या दरांतील फरक दाखवता आला, तर तेवढाच दाखवावा. आमच्या संशोधनामुळे झाले, असे म्हणण्यापेक्षा त्यात आमच्या संशोधनाचा वाटा एवढा होता, असे म्हणणारा अर्जदार अनुभवी परीक्षकाला अधिक विश्वासार्ह वाटतो.

यंत्राला दिसेल असा मागही ठेवता येतो. पद्धतीची मराठी माहितीपुस्तिका तयार करून ती झेनोडोसारख्या मुक्त भांडारात ठेवावी. सर्न ही युरोपीय संशोधनसंस्था ते २०१३ पासून चालवते, तेथे ठेवलेल्या प्रत्येक दस्तऐवजाला विनामूल्य डीओआय मिळतो आणि तो किती वेळा उतरवून घेतला गेला हे दिसते. पुस्तिकेत मूळ शोधनिबंधाचा डीओआय छापावा. वार्ताहराला मुलाखत देताना, बातमीच्या ऑनलाइन आवृत्तीत तो दुवा घालण्याची नम्र विनंती करावी. आधी आलेल्या बातम्यांची कात्रणे तारखेसह स्कॅन करून ठेवावीत आणि मुलाखतीचा दिनांक व कार्यक्रमाचे नाव आकाशवाणी केंद्राकडून लेखी मागून घ्यावे. मराठी विकिपीडियावर स्वतःच्याच निबंधाचे संदर्भ पेरण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे हितसंबंध उघड करण्याचा संकेत आहे, आणि तो मोडलेला लक्षात आला तर आपल्या खऱ्या कामावरही संशय येतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील एका समितीने सर्व प्राध्यापकांची अल्टमेट्रिक आकड्यांनुसार उतरत्या क्रमाने यादी लावून त्यावरून अंतर्गत संशोधन निधी वाटण्याचे ठरवले आहे. ‘परदेशी संस्थाही असेच करतात’ असे कारण दिले जाते. याला विरोध कसा करावा?
— एक प्राध्यापक, कोल्हापूर शहर

उत्तर : ते कारण चुकीचे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्याची मांडणी सुरू झाली तो डोरा हा संशोधन-मूल्यमापनाविषयीचा जाहीरनामा २०१३ साली प्रसिद्ध झाला. इम्पॅक्ट फॅक्टरसारखी नियतकालिकांची मापके व्यक्तीच्या संशोधनाची गुणवत्ता ठरवण्यासाठी किंवा निधीच्या निर्णयात वापरू नयेत, अशी त्याची मुख्य शिफारस आहे, आणि वेलकम ट्रस्टसह अनेक निधी देणाऱ्या संस्थांनी त्यावर सही केली आहे. एक चुकीची मोजपट्टी काढून तिच्या जागी दुसरी ठेवावी, असा त्याचा अर्थ कोणीही लावलेला नाही. लायडन जाहीरनाम्याचे पहिलेच तत्त्व सांगते की, संख्यात्मक मूल्यमापनाने तज्ज्ञांच्या गुणात्मक परीक्षणाला आधार द्यावा. युरोपातील अनेक संस्थांनी २०२२ साली मूल्यमापन-सुधारणेच्या करारावर सह्या केल्या, त्यातही तज्ज्ञांचे परीक्षण केंद्रस्थानी असून मापके त्याच्या आधाराला आहेत. आपल्याकडेही भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ साली संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी धोरणात्मक निवेदन प्रसिद्ध केले आहे. ते समितीच्या टेबलावर ठेवता येईल.

शिवाय अशी यादी एका विषयातही न्याय्य होत नाही, मग अनेक विषयांत कोठून होणार? आरोग्य आणि हवामान यांवरील निबंधांची बातम्यांत सहज दखल घेतली जाते. शुद्ध गणितावर किंवा मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्याच्या वाट्याला तसे काही येत नाही, आणि ज्या मराठी ग्रंथाला डीओआयच नाही तो तर यादीत प्रवेशही करू शकत नाही. मराठी, इतिहास आणि गणित या विभागांतील सहकाऱ्यांना सोबत घेतल्यास ही गोष्ट समितीला चटकन पटेल.

विरोध लेखी करावा आणि त्यासोबत पर्याय द्यावा : प्रत्येक अर्जदाराने आपल्या दोन किंवा तीन कामांविषयी प्रत्येकी एक पान लिहावे, त्यात कोणाला काय उपयोग झाला आणि त्याचा पुरावा कोणता हे यावे, आकडे हवे तर पुराव्यात यावेत, आणि ही पाने त्या विषयातील एक व त्या विषयाबाहेरील एक अशा दोघांनी वाचावीत. अल्टमेट्रिकच्या आकड्यात कोणते स्रोत धरले जातात, त्यांत मराठी स्रोत किती आहेत, हेही समितीला त्याच पत्रात विचारावे आणि उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करावी.